चाकांवरची चूल

सोलापुरात सात रस्ता या नावाचा एक चौक आहे. सात दिशांनी आलेले रस्ते तेथे एकमेकांस भेटतात आणि पुन्हा आपापल्या वाटेने जातात. या चौकात दिवसभर वर्दळ असते. एवढ्या गडबडीत आसपासच्या वस्त्यांची नावे लक्षपूर्वक ऐकण्यास सवड कोणास मिळावी? परंतु ती नावे ऐकण्यासारखी आहेत. एका वस्तीचे नाव लष्कर, दुसरीचे सदर बझार. मे १८१८ मध्ये जनरल मन्रो याने दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याचा पराभव करून सोलापूरचा किल्ला घेतला आणि पुढे या शहराच्या कडेला इंग्रजांची छावणी पडली. ती छावणी केव्हाच उठली. तोफा गेल्या, पलटणी गेल्या, कवायतीचे बिगूल थांबले. मागे राहिली ती ही नावे.

सदर बझार म्हणजे छावणीचा मुख्य बाजार. शिपायाला पीठ, डाळ, तूप, मीठ, जळण आणि तंबाखू पुरविणे हे त्याचे काम. लढाई ज्यांनी केली त्यांच्या स्मृतीपेक्षा त्यांना ज्यांनी जेवू घातले त्यांची खूण येथे अधिक टिकली, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे. कारण इतिहासाच्या ग्रंथांत नेमके याच्या उलट घडते. तेथे तरवारीला एक प्रकरण मिळते आणि चुलीला एक ओळदेखील मिळत नाही. संग्रहालयांतही तोच प्रकार. तोफ चौथऱ्यावर चढते. ज्या हंड्यातले अन्न खाऊन तोफखाना चालला तो हंडा मोडीत जातो.

या सार्वत्रिक विस्मृतीला एक मनोरंजक अपवाद आहे. जर्मन सैन्याने दोन्ही महायुद्धांत वापरलेले चाकांवरचे भटारखाने शोधून काढावयाचे, त्यांचा गंज उतरवावयाचा, मोडलेली चाके बसवावयाची आणि त्यांत पुन्हा अन्न शिजवावयाचे, असा उद्योग करणारे संग्राहक युरोपात व अमेरिकेत आहेत. प्रथम ऐकताना हा छंद चमत्कारिक वाटतो. परंतु या गाड्याचा इतिहास पाहू लागले म्हणजे ध्यानात येते की, हा केवळ जुन्या लोखंडाचा नाद नव्हे. या हंड्याभोवती कोण जेवले, कोण उपाशी राहिले आणि कोण कोणाच्या शेजारी बसले, याची ती साक्ष आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. सैन्य पोटावर चालते हे मराठ्यांनी फार महाग किंमत देऊन अनुभविले आहे. शिवाजी महाराजांनी १६७३ साली चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेले दाणागवत आधीच उधळून टाकाल तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरांत शिराल आणि लोकांना मोगल बरे वाटू लागतील, असा इशारा त्यात आहे. त्याच पत्रात आणखी एक ताकीद आहे. स्वयंपाकाचा किंवा चिलमीचा विस्तव गवताच्या गंजीपाशी नेऊ नये. रात्री दिवा जळता ठेवू नये, कारण उंदीर जळती वात ओढून नेतो. राज्य उभारणाऱ्या पुरुषाने चुलीच्या ठिणगीचा आणि उंदराचाही विचार करावा, यात त्याची थोरवीच दिसते.

पुढे शतकभराने पानिपतावर याच चुली थंड झाल्या. १७६० च्या नोव्हेंबरापासून मराठ्यांची छावणी तेथे अडकली. लढवय्यांखेरीज बाजारबुणगे, कुटुंबे आणि यात्रेकरू यांचा प्रचंड समुदाय तीत होता. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि अंतर्वेदीतून येणारी रसद तुटली. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे रणात उतरले ते उपासमारीने गांजलेल्या अवस्थेत. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरणे बरे, अशा निश्चयाने. पानिपतच्या पराभवाची कारणे विद्वान अनेक सांगतात. परंतु त्या सर्वांच्या तळाशी रिकामे भांडे आहे, हे कोणीही नाकारीत नाही.

त्या काळच्या हिंदुस्थानी सैन्याला एक सामाईक स्वयंपाकघर नसे. राजाचा व सरदारांचा मुदपाकखाना वेगळा. सामान्य शिपाई आपला शिधा छावणीच्या बाजारातून विकत घेई आणि तीन दगडांची चूल मांडून आपले अन्न आपणच शिजवी. धान्य आणून देण्याचे काम वंजारी व लमाण यांचे तांडे करीत. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून हे लोक दख्खनभर फिरत आणि प्रसंगी दोन्ही पक्षांना धान्य विकत. १८०३ साली दख्खनच्या मोहिमेवर आलेल्या वेलस्लीलाही त्यांच्यावर विसंबून राहावे लागले. या पद्धतीत सोय होती, तशी अडचणही होती. दिवसभर मजल मारून थकलेल्या शिपायाने मुक्कामावर पोहोचल्यावर लाकडे शोधावयाची, पाणी आणावयाचे, पीठ मळावयाचे आणि मग कोठे रात्री उशिरा दोन घास खावयाचे. जात तितक्या चुली असल्यामुळे शेकडो ठिकाणी धूर निघे, आणि शत्रूला छावणीचा ठावठिकाणा व आकार दुरूनच कळे.

युरोपातील सैन्यांची स्थिती याहून फार निराळी नव्हती. तेथेही शिपाई चारपाचजणांचे टोळके करून उघड्यावर भांडे चढवीत. क्रिमियाच्या युद्धात इंग्रज सैनिकांचे जे हाल झाले ते पाहून, लंडनच्या एका नामांकित क्लबात काम केलेला अॅलेक्सिस सॉयर नावाचा फ्रेंच आचारी १८५५ साली आपल्या खर्चाने तेथे गेला. त्याने पिंपासारख्या आकाराची एक बंदिस्त शेगडी बनविली. थोड्या जळणात पुष्कळ माणसांचे अन्न तीत शिजे, आणि ती इतकी सोयीची ठरली की तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या ब्रिटिश सैन्यात विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत राहिल्या. परंतु सॉयरची शेगडी एका जागी बसणारी होती. सैन्य थांबले तरच ती पेटावयाची.

प्रशियन लोकांनी दुसरा उपाय काढला. ग्र्यूनेबेर्ग नावाच्या बर्लिनच्या आचाऱ्याने १८६७ साली वाटाण्याचे पीठ, चरबी आणि मसाला यांची घट्ट वळकटी तयार केली. पाण्यात कालवून उकळली की तिचे सार होई. १८७०–७१ च्या फ्रान्सबरोबरच्या युद्धात सैन्यासाठी हा पदार्थ कारखान्यात बनविण्यात आला. प्रवासाला निघालेल्या मराठी माणसाच्या शिदोरीत मेतकूट असावे, तसा हा प्रकार. तथापि पाणी उकळण्याची अडचण राहिलीच. अन्न तयार करण्यासाठी सैन्याने थांबावे, की सैन्य चालत असताना अन्न तयार व्हावे, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर चाकांनी दिले. जर्मनीतील इडार-ओबरस्टाइन येथील फिसलर घराण्याचा भांडी बनविण्याचा कारखाना होता. तो १८४५ साली स्थापन झाला आणि आजही चालू आहे. त्या घराण्यातील कार्ल रुडोल्फ फिसलर याने १८९२ साली घोड्यांनी ओढावयाचा फिरता भटारखाना तयार केला. १९०४–०५ च्या रशिया-जपान युद्धात रशियन सैन्याबरोबर असे गाडे होते. ते पाहून इतर राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक प्रभावित झाले, आणि पहिले महायुद्ध सुरू होण्यापूर्वीच जर्मन सैन्याने आपल्या पलटणींना हे गाडे देण्यास आरंभ केला.

या गाड्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. त्याचे दोन भाग असत. पुढल्या गाडीवर शिध्याच्या पेट्या आणि हाकणाऱ्याची बैठक. तिच्यामागे जोडलेल्या दुसऱ्या गाडीवर चूल, मोठा हंडा, कॉफी उकळण्याचे लहान भांडे आणि धुराडे. हंड्याची भिंत दुहेरी असे आणि त्या दोन भिंतींच्या मधील पोकळीत ग्लिसरीन भरलेले असे. पाणी १०० अंशांवर उकळून वाफ होऊन जाते. ग्लिसरीन २९० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यामुळे विस्तवाची धग प्रत्यक्ष अन्नाच्या तळाला न लागता सर्व बाजूंनी सारखी पोहोचे. घरच्या गृहिणीला जी भीती रोज असते, की वरण खाली लागेल, करपेल, ती भीतीच या युक्तीने नाहीशी केली. झाकण स्क्रूंनी घट्ट आवळले जाई व जादा वाफेसाठी झडप असे. सकाळी हंडा भरून विस्तव पेटवावयाचा आणि गाडा चालू लागावयाचा. दुपारच्या मुक्कामावर पोहोचेपर्यंत आत मटण, बटाटे, वाटाणे एकजीव झालेले. विस्तव विझल्यावरही अन्न पुष्कळ वेळ ऊन राही. कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली काढलेला इकमिक कुकर ज्या घरांत वापरला गेला, त्यांना या तत्त्वाचा परिचय आहे. मंद धग, बंद भांडे आणि वेळ, एवढ्यावर स्वयंपाक सोपवून माणसाने दुसऱ्या कामाला लागावे.

प्रवासात धुराडे आडवे करून ठेवीत. दुरून ते तोफेच्या नळीसारखे दिसे. शिपायांनी त्यावरून या गाड्याला गुलाश तोफ असे विनोदी नाव दिले आणि तेच जगभर रूढ झाले. गुलाश म्हणजे मूळचा हंगेरीचा, मांसाचा तिखट रस्सा. मृत्यूच्या छायेत वावरणाऱ्या माणसांनी अन्नाच्या गाड्याला तोफेचे लाडके नाव द्यावे, हे मनुष्यस्वभावाला धरूनच झाले. खंदकांच्या लढाईत हा गाडा आघाडीच्या काही अंतर मागे, आडोशाला उभा राही. रात्र पडली की अन्न वाहून नेणारे शिपाई, ऊब टिकविणारे बंद डबे पाठीवर बांधून, चिखलातून आणि गोळ्यांच्या वर्षावातून पुढे जात. त्यांतील कित्येक परत येत नसत. ऊन रश्शाचा एक टमरेल खंदकात पोहोचविण्यासाठी माणसे मरण पत्करीत, ही गोष्ट त्या गाड्याकडे पाहताना विसरता कामा नये.

मराठी पलटणींचा आणि भुकेचा त्या युद्धातला प्रसंग मात्र दुसऱ्याच भूमीवर घडला. मेसोपोटेमियात तैग्रिस नदीच्या वळणावर कूत नावाचे गाव आहे. जनरल टाउनशेंड याची पुण्याची सहावी डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ रोजी तेथे वेढली गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. वेढा घालणाऱ्या तुर्की सैन्याची सूत्रे कोल्मार फॉन डेर गोल्ट्झ या वृद्ध जर्मन फील्ड मार्शलच्या हाती होती. वेढा उठण्यापूर्वीच १९ एप्रिल १९१६ रोजी तो बगदादेत आजाराने वारला. आत धान्य संपत आले तेव्हा घोडे व खेचरे मारून त्यांचे मांस वाटण्यात आले. हिंदी शिपायांतील बहुतेकांनी ते खाण्यास नकार दिला. हिंदुस्थानातील धर्मगुरूंची अनुमती मागवून ती बिनतारी यंत्राने कळविण्यात आली, तरी पुष्कळांचे मन वळले नाही. परत गावी गेल्यावर जातीत कोण घेईल, ही धास्ती भुकेहून मोठी होती. विमानांतून पिठाच्या गोण्या टाकण्यात आल्या. जवाचे दाणे होते परंतु दळण्याची सोय नव्हती, म्हणून जात्याचे दगडही आकाशातून टाकण्यात आले. २४ एप्रिलच्या रात्री २७० टन शिधा घेऊन निघालेली जुलनार ही आगबोट शत्रूच्या हाती पडली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कूत शरण गेले. लढण्याची उमेद संपण्यापूर्वी पीठ संपले होते. पुढील कैदेत आणि वाळवंटातील पायपिटीत हजारो माणसे दगावली.

कूतच्या या हकिगतीतून एक कठोर गोष्ट स्पष्ट होते. हंडा कितीही उत्तम असला तरी त्यात काय शिजावे आणि ते कोणी कोणाच्या पंक्तीला बसून खावे, हे प्रश्न यंत्र सोडवू शकत नाही. इंग्लंडमधील ब्रायटन येथील राजवाड्यात १९१४ च्या अखेरीस जखमी हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ उघडले, तेव्हा त्यांच्या निरनिराळ्या आचारांसाठी तेथे नऊ स्वयंपाकघरे मांडावी लागली. एका पलटणीला एक हंडा, ही जर्मनांना सहज वाटणारी कल्पना हिंदी सैन्यात सामाजिक क्रांतीच ठरली असती.

ती क्रांती पुढे अंशतः झाली आणि, दैवदुर्विलास असा, की ती जर्मन भूमीवरही झाली. उत्तर आफ्रिकेच्या लढाईत हजारो हिंदी सैनिक कैद झाले. जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले तेव्हा तेथे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होती. एप्रिल १९४१ मध्ये बर्लिनला पोहोचलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी अशा कैद्यांतून स्वयंसेवक घेऊन जर्मनीत हिंदी सैनिकांची एक फौज उभी केली. ब्रिटिश हिंदी सैन्यात तुकड्या बहुधा जातीधर्मानुसार वेगळ्या असत. या फौजेत तो भेद बुद्ध्या काढून टाकला गेला, आणि शीख, हिंदू, मुसलमान एकाच तुकडीत राहू व जेवू लागले. पुढे आग्नेय आशियात आझाद हिंद सेनेनेही तीच रीत पाळली. या लोकांच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात. एका भांड्यातून जेवण्याचा त्यांचा निश्चय मात्र सर्वांना आदरणीय वाटावा असा आहे. स्वतंत्र भारताच्या सेनेत तुकडीचे स्वयंपाकघर लंगर या नावाने ओळखले जाते, आणि ते नाव शीख गुरूंच्या सामुदायिक भोजनाचे आहे.

परंतु या चाकांवरच्या चुलीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती काळी आहे. हिटलरच्या राजवटीत ऑक्टोबर १९३३ पासून ठराविक रविवारी सर्व कुटुंबांनी एकाच भांड्यातले साधे जेवण जेवावे आणि वाचलेले पैसे मदतनिधीला द्यावेत, असा दंडक घातला गेला. त्या दिवशी शहरांच्या चौकांत हे लष्करी गाडे उभे करून वाटाण्याचे सार वाटीत. वरवर पाहता हे दृश्य समतेचे होते. त्याच पंक्तीतून यहुदी शेजाऱ्याला मात्र उठविले गेले होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याजवळ मोठा आणि लहान असे दोन प्रमुख नमुने होते. मोठा १२५ ते २२५ माणसांना पुरे, लहान ५० ते १२५ माणसांना. १९४१ मध्ये हे गाडे घेऊन जर्मन सैन्य रशियात शिरले आणि जिंकलेल्या मुलखातील धान्यावरच पोसले जावे, अशी योजना आखली गेली. त्याचा परिणाम असा, की जर्मनांच्या कैदेत तीस लाखांहून अधिक सोव्हिएत युद्धकैदी मरण पावले. त्यांतील बहुसंख्य भुकेने, थंडीने आणि रोगाने. एका कुंपणाच्या आत हंड्यातून वाफ निघत होती आणि दुसऱ्या कुंपणाच्या आत माणसे गवत खात होती.

नियतीने हिशेब लवकर मागितला. नोव्हेंबर १९४२ मध्ये स्टालिनग्राड येथे जर्मनांचे सहावे सैन्य वेढले गेले. कूतप्रमाणे तेथेही विमानांनी अन्न टाकण्याचा प्रयत्न झाला, तेथेही तो अपुरा पडला, आणि गाडे ओढणारे घोडेच हंड्यात शिजू लागले. २ फेब्रुवारी १९४३ रोजी उरलेसुरले सैन्य शरण गेले. मे १९४५ मध्ये बर्लिन पडल्यावर त्या शहरातील भुकेलेल्या बायकामुलांना सोव्हिएत सैन्याच्या फिरत्या भटारखान्यांतून सार आणि पाव वाटण्यात आला. जेत्यांच्या हंड्यासमोर जितांची रांग लागली होती. चाकांवरच्या चुलीच्या इतिहासात त्या रांगेइतके मन हेलावणारे चित्र दुसरे नाही.

असा हा गाडा आज एखाद्या संग्राहकाच्या हाती लागतो तेव्हा त्याची अवस्था शोचनीय असते. चुलीचे पत्रे गंजून चाळणी झालेले, धुराडे नाहीसे, चाकांचे आरे कुजलेले. काम सुरू होते ते सुताराकडून व लोहाराकडून. चाकाचा तुंबा, आरे आणि पुठ्ठे नवे करावयाचे, आणि लोखंडी धाव तापवून, फुगवून, चाकावर चढवून पाण्याने विझवावयाची. हे कसब महाराष्ट्रातील बैलगाडीच्या चाकाला धाव चढविणाऱ्या लोहाराच्या कसबाहून निराळे नाही. नंतर हंडा. तो तांब्याचा असेल तर आतून कल्हई हवी. नवसागराचा धूर आणि कथलाची ती चकाकी मराठी घरांतील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. दुहेरी भिंतीतील ग्लिसरीन झिरपून अन्नात उतरत नाही ना, झडप वेळेवर उघडते ना, हे फार काळजीने पाहावे लागते. कारण दाबाखालील जुने भांडे निष्काळजी माणसाला क्षमा करीत नाही.

सर्वांत नाजूक काम रंगाचे. गंजाखाली आणि थरांखाली मूळ रंग सापडतो. वर गडद पिवळट थर असेल तर गाडा फेब्रुवारी १९४३ च्या हुकुमानंतर रंगविला गेला. त्याच्या खाली करडा निघाला तर तो त्यापूर्वीचा. कोठे निर्मात्याची पाटी, वर्ष आणि क्रमांक. कोठे गोळीचे भोक. उतावळा संग्राहक हे सर्व घासून काढतो, छिद्रे बुजवितो आणि गाडा नव्यासारखा चकचकीत करतो. जाणता संग्राहक प्रत्येक थर नोंदवितो, छायाचित्रे घेतो, मूळ भाग शक्य तितका राखतो, आणि नवा बसविलेला तुकडा नवा म्हणून ओळखू येईल असे पाहतो. दुरुस्ती आणि जीर्णोद्धार यांतला भेद हाच. दुरुस्तीने वस्तू चालू लागते. जीर्णोद्धाराने ती बोलू लागते.

यापुढे प्रश्न नीतीचा येतो. जर्मनीच्या कायद्याने नाझी चिन्हांचे सार्वजनिक प्रदर्शन निषिद्ध आहे. शिक्षण व संशोधन यांपुरती सवलत आहे. परंतु चिन्ह झाकले म्हणजे इतिहास झाकला जात नाही, आणि झाकला जाऊही नये. गाड्याभोवती जत्रा भरते, वाटाण्याचे सार वाटले जाते, मुले आनंदाने धुराड्याकडे पाहतात, यात गैर काही नाही. मात्र त्या हंड्याशेजारी एक फलक असावयास हवा. या हंड्यातून कोणाला वाढले गेले आणि कोणाला नाकारले गेले, हे त्यावर लिहिलेले असावे. ते लिहिले नाही तर हा छंद पराक्रमाच्या खोट्या स्मरणात बुडून जाण्याचा धोका आहे.

महाराष्ट्रात या दृष्टीचा वारसा अगदीच नाही असे नव्हे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिकांना स्थानबद्ध केले होते. त्याच शहरात फेब्रुवारी १९९४ मध्ये रणगाड्यांचे संग्रहालय उघडले आणि तेथे ब्रिटिश, जपानी व जर्मन बनावटीची युद्धवाहने जपली गेली आहेत. ते पाहण्यासारखे आहे. दुसरीकडे पुण्यात कवी अज्ञातवासी, म्हणजे दिनकर गंगाधर केळकर, यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या नावाने जो संग्रह उभा केला, त्यात दिवे, अडकित्ते आणि स्वयंपाकघरातील भांडी यांना मूर्तींच्या बरोबरीचा मान मिळाला. १८९६ ते १९९० असे दीर्घ आयुष्य लाभलेल्या या पुरुषाने मराठी माणसाला शिकविले, की रोजच्या वापरातील वस्तू हाच खरा इतिहास. नगरच्या पोलादाला पुण्याची ही दृष्टी मिळाली, तर युद्धाच्या संग्रहालयात लांगऱ्याच्या हंड्यालाही जागा मिळेल.

आणि फिरत्या चुलीची परंपरा तर सोलापूर जिल्ह्यातच दरवर्षी पाहावयास मिळते. आषाढात पंढरपूरची वाट चालणाऱ्या दिंड्या हजारो माणसांचे अन्न बरोबर घेऊन चालतात. शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वरांच्या पालखीला लष्करी शिस्तीची घडी घालून दिली. अंकलीच्या शितोळे सरदारांकडून येणारे घोडे आजही तिच्यापुढे चालतात. पूर्वी बैलगाड्यांतून आणि आता मालमोटारींतून काहिली, पातेली व शिधा पुढल्या मुक्कामी जातो, आणि वारकरी पोहोचतात तेव्हा पिठले-भाकरी तयार असते. शिस्त सैन्याची, चूल सैन्याची. फक्त शत्रू नाही.

चाकांवरच्या चुलीची ही दोन रूपे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे संग्राहकाने काय जपावयाचे ते कळते. लोखंड, तांबे आणि चाके ही केवळ कुडी आहे. तिच्या आत जो प्रश्न शिजत राहिला तो प्रत्येक युगात एकच होता. पंक्तीला कोण बसणार, आणि कोणाला उठविले जाणार? पानिपत, कूत आणि स्टालिनग्राड यांनी त्याची उत्तरे आपापल्या परीने दिली. सोलापुरातील छावणी उठून गेली तरी सदर बझार हे नाव राहिले. कारण माणसे तोफेवाचून राहू शकतात, बाजारावाचून आणि चुलीवाचून नाही. ज्या समाजाला आपल्या संग्रहालयात तोफेशेजारी हंडा ठेवण्याचे सुचेल, त्याला युद्धाचा अर्थ पुरता समजला असे म्हणण्यास हरकत नाही.